टाकी कोपऱ्यात, चूल दारात

परळीत राखेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. थर्मलची राख रस्त्यावर उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, लेकरांच्या नाकातोंडात जाते. त्यावर निवेदने दिली जातात, बातम्या छापून येतात. ते योग्यच आहे, बोललेच पाहिजे. पण रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत जो धूर कोंडतो, त्यावर कोणी निवेदन देत नाही. कारण तो धूर बायकांच्या वाट्याचा आहे, आणि बायकांच्या वाट्याचे दुखणे आपल्याकडे दुखणे म्हणून मोजलेच जात नाही.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून कितीतरी वर्षे दवाखान्यात काम केले आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करू लागलो. दवाखान्यात खोकणाऱ्या बायका दिसत, वस्तीत त्यांची घरे दिसली. त्या घरांत एक गोष्ट वारंवार दिसते. गॅसची लाल टाकी कोपऱ्यात उभी असते, तिच्यावर फडके टाकलेले असते, शेगडी पुसून फळीवर ठेवलेली असते. आणि दारात तीन दगडांची चूल पेटलेली असते. पाहुणे आले, लेकराला रात्री दूध तापवायचे झाले, पाऊस लागून सरपण ओले झाले, तरच गॅस पेटतो. बाकीचे दिवस तुराट्या, पऱ्हाट्या, येडी बाभूळ आणि गोवऱ्या.

सरकारच्या कागदावर हे घर धूरमुक्त आहे. बाईच्या छातीत मात्र धूर आहेच.

या लेखात आमचे म्हणणे एवढेच आहे : आपल्या बहुतेक घरांना आता गॅसची जोडणी मिळाली आहे, पण टाकी संपते त्या दिवशी बाईच्या हातात एकरकमी पैसा नसतो. म्हणून चुलीच्या धुराचा प्रश्न जेवढा दवाखान्याचा आहे, तेवढाच तो बँकेच्या पासबुकाचा आहे. दोन्हींवर एकत्र बोलल्याशिवाय हा खोकला जायचा नाही.

धूर शरीरात काय करतो

लाकूड आणि गोवरी पूर्ण जळत नाही. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि अतिशय बारीक कण निघतात. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात उतरतात. त्यामुळे चुलीच्या धुराने फक्त खोकला होतो हा समज खोटा आहे. फुप्फुसाचा जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि मोतीबिंदू या सगळ्यांशी या धुराचा संबंध आहे. गरोदर बाईने धूर घेतला तर पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. पाच वर्षांखालील लेकराला न्यूमोनियाचा धोका वाढतो, कारण ते आईच्या कडेवर किंवा चुलीजवळच्या गोधडीवर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे जगात दरवर्षी जवळपास ३० लाख माणसे वेळेआधी मरतात. अजूनही २०० कोटींहून अधिक लोकांचा स्वयंपाक अशाच चुलींवर होतो.

आपल्याकडे बाई चाळिशीत धापा टाकू लागली की "दमा आहे, आईलाही होता" असे म्हणतात. आईलाही होता हे खरे, कारण आईही त्याच चुलीपुढे बसली होती. आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बाईची फुप्फुसे बिडी ओढणाऱ्यासारखी झालेली आम्ही पाहिली आहेत. तिला औषधाचा पंप लिहून दिला जातो. ती पंप ओढते आणि परत चुलीपुढे जाऊन बसते. पंपाने श्वासाची वाट तेवढ्यापुरती मोकळी होते, धूर काही थांबत नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. निम्मा स्वयंपाक गॅसवर आणि निम्मा चुलीवर केला तर फायदाही निम्मा होईल, असे गणित इथे बसत नाही. थोडा धूरही पुष्कळ नुकसान करतो. चूल जवळजवळ बंद झाली तरच शरीराला खरा आराम मिळतो. म्हणून घरात टाकी आहे की नाही हे विचारून भागत नाही. वर्षाला किती टाक्या लागतात, हे विचारले पाहिजे.

'फुकट गॅस'चा हिशोब

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर अनामत न घेता गॅस जोडणी, ही कल्पना चांगलीच होती. आज देशात अशा १० कोटींहून अधिक जोडण्या झाल्या आहेत. अनुसूचित जातीच्या सर्व घरांना २०१८ मध्ये तिच्यात जागा देण्यात आली. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीपासून मिळाल्या, त्यामुळे "तुम्ही बौद्ध, तुमचे इथे नाव नाही" असे जर कोणी सांगत असेल तर ते ऐकून परत येऊ नका.

पण वस्तीत शब्द पसरला तो 'फुकट गॅस'. पहिल्या टप्प्यात फुकट होती ती जोडणी. शेगडी आणि पहिली भरलेली टाकी यांचे पैसे अनेक बायकांना तेल कंपनीने कर्जाऊ दिले होते, आणि ते कर्ज पुढच्या टाक्यांच्या सबसिडीतून वळते होत होते. हे समजावून सांगणारे फार थोडे होते. बाई पूर्ण भावाने टाकी घ्यायची, सबसिडी खात्यात येईल म्हणून बँकेत खेटे घालायची, आणि खात्यात काहीच नसायचे. "आम्हाला फसवलं" असे म्हणत तिने चूल पुन्हा लिंपली. तिच्या घरी आलेले हे पहिलेच औपचारिक कर्ज होते, आणि आपण कर्ज घेतले आहे हेच तिला माहीत नव्हते. एप्रिल २०१८ पासून पहिल्या सहा टाक्यांपर्यंत कर्जवसुली थांबवली गेली, पण तोवर अनेक घरांत टाकी कोपऱ्यात गेली होती.

२०१९ साली भारताच्या महालेखापरीक्षकांनी या योजनेवर अहवाल दिला. त्यात उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी ३.२१ टाक्याच भरल्या जातात असे आढळले. आता सरकारच्याच आकड्याप्रमाणे २०२४-२५ मध्ये ही सरासरी ४.४७ झाली आहे. वाढ झाली हे मान्य केले पाहिजे. पण पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर एक टाकी महिना-सव्वा महिना पुरते, म्हणजे वर्षाला नऊ-दहा टाक्या लागतात. साडेचार टाक्यांत अर्धे वर्षही निघत नाही. उरलेले दिवस धुराचे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला. त्यात पहिली टाकी आणि शेगडीही मोफत दिली जाते, आणि कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालते. हा बदल चांगला आहे. तरी दुसऱ्या टाकीचा प्रश्न तिथेच उभा आहे.

पैसे आधी, सबसिडी नंतर

२०१५ च्या जानेवारीपासून देशभर गॅसची सबसिडी थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. चोरी थांबावी, काळाबाजार थांबावा हा हेतू होता, आणि त्याला आमचा विरोध नाही. पण याचा अर्थ काय झाला ते बाईच्या बाजूने पाहा. टाकी घेताना पूर्ण किंमत द्यायची. सवलत नंतर, काही दिवसांनी, खात्यात. ज्याच्या हातात महिन्याचा पगार येतो त्याला हे काहीच वाटत नाही. ज्या घरात रोजची मजुरी रोज संध्याकाळी तेल, मिठाला जाते, त्या घराला पूर्ण रक्कम एकदम काढणे हाच डोंगर आहे.

एप्रिल २०२५ मध्ये घरगुती टाकी ५० रुपयांनी महागली आणि दिल्लीत तिची किंमत ८५३ रुपये झाली. आपल्याकडे थोडाफार फरक पडतो. उज्ज्वलाच्या बाईला ३०० रुपये परत मिळतात, म्हणजे तिला ती टाकी साडेपाचशेच्या आसपास पडते, असे सांगितले जाते. हिशोबाने ते बरोबर आहे. पण तिला आधी साडेआठशे मोजावे लागतात. साडेपाचशे हा आकडा तिच्या हातून कधी जातच नाही.

सरपणाचा हिशोब वेगळा असतो. ते वीस-तीस रुपयांना मिळते, किंवा पाय तुडवून फुकट मिळते. महिन्याचा हिशोब केला तर विकतचे सरपण स्वस्त नाही. पण ते थोडे थोडे घेता येते. गरिबाला वस्तू महाग पडते ती याच कारणाने : त्याच्याकडे एकदम द्यायला पैसा नसतो. "बायकांना सवयच नाही", "चुलीवरची भाकर गोड लागते" असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उज्ज्वलाच्या घरांना तीन टाक्या मोफत देण्यात आल्या तेव्हा त्याचे पैसे आधी खात्यात टाकले गेले. मग बायकांनी टाक्या उचलल्याच ना? आधी पैसा आला तर सवय लागते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली. वर्षाला तीन टाक्या मोफत. उज्ज्वलाच्या टाकीमागे केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० रुपये. पण इथेही रीत तीच : आधी बाईने पूर्ण पैसे भरायचे, मग ते खात्यात परत यायचे. मोफत टाकीसाठीही आधी उसनवारी करावी लागते, तेव्हा त्याला मोफत कसे म्हणायचे?

खाते तिचे, मोबाईल त्याचा

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली. आज ५० कोटींहून अधिक जनधन खाती आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त बायकांची आहेत. आपल्या वस्तीतही जवळजवळ प्रत्येक बाईचे खाते आहे. पण खाते असणे आणि खाते वापरता येणे यात तेवढेच अंतर आहे, जेवढे टाकी असणे आणि गॅस पेटणे यात आहे.

वस्तीत पासबुके तपासायला बसलो की अडचणी त्याच त्याच निघतात. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. पैसे आले की संदेश त्याला जातो, तिला नाही. काही जणींची दोन-तीन खाती असतात आणि आधार कोणत्या खात्याला जोडले आहे तेच माहीत नसते. सरकारी पैसे आधारवर येतात तेव्हा ते शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. बाई जुन्या बँकेत चौकशी करत राहते आणि पैसे दुसऱ्याच बँकेत पडून असतात. "सबसिडी आलीच नाही" असे म्हणणाऱ्या अनेक जणींची सबसिडी अशी सापडते.

तिसरी अडचण बोटांची. कोयता, खुरपे, भांडी, वीटभट्टी करून बोटांच्या रेघा झिजतात. मग अंगठा लागत नाही. एका वस्तीत पैसे काढून देणाऱ्या माणसाने "अंगठा लागला नाही" असे सांगून दोन-तीनदा अंगठा घेतला आणि पैसे एकदाच दिले, अशी तक्रार आमच्याकडे आली होती. म्हणून प्रत्येक अंगठ्याची पावती मागा. बँक मित्राने स्वतःहून गिऱ्हाइकाकडे जादा पैसे मागायचे नसतात, हेही लक्षात ठेवा.

आरोग्याच्या पानावर बँकेचे एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज आरोग्याचा पैसाही खात्यातूनच येतो. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात, ते खात्यात. बाळंतपणाचे जननी सुरक्षाचे पैसे खात्यात. मातृवंदनाचे पैसे खात्यात. लाडकी बहीणचे १,५०० खात्यात. लेकराचे लसीकरणाचे कार्ड जसे जपून ठेवता, तसेच पासबुक जपायचे दिवस आले आहेत.

मुकादमाची उचल आणि गटाचा हप्ता

आपल्या तालुक्यातून, सिरसाळा, धर्मापुरी भागातून, दिवाळीच्या सुमारास कितीतरी कोयते ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप असते. टाकी गावात राहते आणि बाई फडावर जाते. तिथे कोपीपुढे तीन दगड मांडून पाचट आणि ओल्या लाकडावर पहाटे तीनला भाकरी होतात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने उज्ज्वलाची टाकी तिच्या कामाचीच नाही. पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर विकत मिळते, पण त्या विक्रीवर सबसिडी नसते. ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज, तिलाच पूर्ण भाव.

आणि मुकादमाकडे ती का जाते? कारण एकरकमी पैसा देणारा तो एकटाच आहे. उचल तो देतो, बँक देत नाही. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, त्यातले २,००० रुपये फारशा अटींशिवाय मिळावेत असे २०१८ पासून ठरले आहे. दोन हजार म्हणजे दोन टाक्या. पण वस्तीत ही सोय मिळालेली बाई शोधून काढावी लागेल. बँकेत विचारले तर "असं काही नाही" असे उत्तर मिळते.

बँकेने सोडलेली जागा फायनान्सवाल्यांनी घेतली आहे. आपल्या बायका त्याला 'गट' म्हणतात, पण ते बचत गट नव्हेत. ते कंपनीचे कर्ज आहे. लाडकी बहीणचे पैसे असोत की सबसिडीचे, बहुतेक ते याच हप्त्यात जातात. त्यामुळे "दीड हजार मिळतात, मग गॅस का भरत नाही?" हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी त्या बाईचे हप्त्याचे कार्ड पाहावे. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम स्पष्ट आहेत : घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर दारात येता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड लावता येत नाही. रात्री नऊला दारात बसणाऱ्या माणसाला हा नियम सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आपल्या हातात काय आहे

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण तोवर वस्तीत काही गोष्टी करता येतात.

पहिली, टाकीची भिशी. दहा जणी एकत्र या. प्रत्येकीने आठवड्याला १०० रुपये काढायचे. आठवड्याला हजार जमतात आणि एकीची टाकी भरते. दहा आठवड्यांनी पुन्हा तिचा नंबर. वर्षाला पाच टाक्या झाल्या. उज्ज्वलाच्या बाईला पाच टाक्यांचे १,५०० रुपये परत येतात. जिला अन्नपूर्णाचे पैसे मिळतात तिला तीन टाक्यांमागे आणखी १,५९० येतात. हे ३,०९० रुपये तिने खात्यात फक्त गॅससाठी राखून ठेवले तर आणखी तीन टाक्या निघतात. पाचाच्या आठ झाल्या. आठ टाक्यांत चूल जवळपास विझते.

या भिशीचे दोन नियम पाळा. व्याज नाही, आणि चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचा नाही. पहिला नंबर गरोदर बाईचा, मग ज्या घरात पाच वर्षांखालचे लेकरू आहे तिचा, मग ज्या घरात खोकणारे म्हातारे माणूस आहे तिचा. वही सगळ्यांसमोर वाचायची. टाकी भरून उरलेल्या पैशांतून नळी आणि रेग्युलेटर बदलायचे.

दुसरी, पासबुकाचा रविवार. रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास ठेवा. कॉलेजला जाणारी दोन पोरे-पोरी बसवा. प्रत्येक बाईचे पासबुक बघायचे : आधार कोणत्या खात्याला आहे, मोबाईल कोणाचा आहे, सबसिडी कधी आली. खाते दोन वर्षे न वापरल्याने बंद पडले असेल तर ते चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नसतात. जनधनसारख्या साध्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढणे फुकट असते. पैसे कापले गेले तर आधी बँकेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

तिसरी, गॅस घेताना हक्क सांगा. टाकी घरपोच मिळाली पाहिजे. गल्ली अरुंद आहे म्हणून हमरस्त्यावर टाकी उतरवून वर वीस-तीस रुपये मागणे चुकीचे आहे. पावतीवर छापलेली रक्कम तेवढीच द्या. शंका आली तर टाकी वजन करून घ्या. उज्ज्वलाच्या तक्रारीसाठी १८००-२६६-६६९६ हा मोफत नंबर आहे.

चौथी, सुरक्षितता. एका खोलीत चूल आणि गॅस शेजारी शेजारी पेटवू नका. टाकी उभीच ठेवा, शेगडी टाकीपेक्षा उंचावर ठेवा, जमिनीवर नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू-बंद करू नका. दार-खिडकी उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. आणि हे फार थोड्यांना माहीत आहे : नोंदणीकृत जोडणीच्या घरात गॅसचा अपघात झाला तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाखांपर्यंत आणि उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत भरपाई मागता येते. त्यासाठी वेगळा हप्ता नाही. पण अपघात झाल्याबरोबर एजन्सीला लेखी कळवावे लागते. म्हणून पावत्या जपून ठेवा.

पाचवी, खोकला अंगावर काढू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. ती तपासणी मोफत आहे. क्षय नसेल आणि तरी धाप लागत असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात फुप्फुसाची तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरने न विचारता सांगा : "मी चुलीवर स्वयंपाक करते."

आमच्या मागण्या

उज्ज्वलाची सबसिडी टाकी घेतानाच किमतीतून वजा करावी. बाईने साडेआठशे नव्हे, साडेपाचशेच मोजावेत. अंगठा आणि ओटीपी घेऊनच टाकी देता, तर सवलतही त्याच वेळी देता येईल. अन्नपूर्णाची टाकी खरोखर मोफत, म्हणजे शून्य रुपयांत दारात यावी. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या ठिकाणी उज्ज्वलाच्या ओळखीवर पाच किलोची टाकी सवलतीत मिळावी, आणि ती पुरवण्याची जबाबदारी कारखान्यावर असावी. जनधनचा दोन हजारांचा ओव्हरड्राफ्ट प्रत्येक बँकेने बाईला मागितल्यावर द्यावा, नाही दिला तर कारण लिहून द्यावे. आणि आशाताई घरोघर जातात तेव्हा त्यांच्या नोंदवहीत "स्वयंपाक कशावर होतो आणि गेल्या सहा महिन्यांत किती टाक्या घेतल्या" हा रकाना असावा. ज्याची नोंद होत नाही त्यावर खर्चही होत नाही.

घरातल्या पुरुषांनाही आमचे सांगणे आहे. बायकोच्या खात्याला तिचा स्वतःचा नंबर जोडा. टाकीचे पैसे ही तिची वेगळी मागणी नाही, ज्वारीच्या पिठासारखी ती घराची गरज आहे. पंपाला, गोळ्यांना, अंबाजोगाईच्या फेऱ्यांना पैसे निघतात, तेही कर्ज काढून. त्याआधी टाकीला निघाले तर कर्ज कमी होते.

१९४३ साली बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा देशाच्या वीज धोरणाच्या चर्चेत त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे असा आग्रह धरला, कारण तिच्याशिवाय देशाला गरिबीतून बाहेर पडता येणार नाही हे त्यांना दिसत होते. परळीत १९७१ पासून वीज तयार होते. इथली वीज राज्यभर गेली. राख आपल्याकडे राहिली आणि चूलही आपल्याकडेच राहिली. इंधन ही चैन नाही. श्रीमंताच्या घरात जो स्वच्छ जाळ पेटतो तोच आपल्या घरात पेटावा, हा समतेचाच प्रश्न आहे.

येत्या रविवारी पासबुक आणि गॅसचे पुस्तक दोन्ही पिशवीत घालून विहारात या. दहा जणी जमल्या की भिशी सुरू करा, आणि पहिली टाकी कोणाच्या घरी द्यायची ते वस्तीतल्या गरोदर बायका मोजून ठरवा.